चाचणीआधीची परीक्षा

नीरा-बारामती रस्त्यावरील कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येते. आणि कालव्याच्या पाण्याबरोबर आलेल्या उसाने, उसाबरोबर आलेल्या साखर कारखान्याने व कारखान्यामागोमाग उभ्या राहिलेल्या सोसायट्या, दूधसंस्था, पतसंस्था आणि तरुण मंडळे यांनी या टापूस जे सार्वजनिक जीवन दिले, त्याचे एक नित्याचे अंग म्हणजे रक्तदान शिबिर होय. महापुरुषाची जयंती असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, गणेशोत्सव असो वा कोणा दिवंगत आप्ताचे वर्षश्राद्ध असो, शाळेच्या सभागृहात किंवा समाजमंदिरात चार-सहा खाटा मांडल्या जातात, बारामतीहून वा पुण्याहून रक्तपेढीची गाडी येते, आणि सायंकाळपर्यंत जमलेल्या पिशव्यांचा आकडा वर्तमानपत्राच्या तालुक्याच्या पानावर छापून येतो. आकड्याचा हा अभिमान अस्थानी नाही. ऐच्छिक रक्तदानात महाराष्ट्र देशात अग्रभागी आहे, राज्यात जमणाऱ्या रक्तापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्त स्वेच्छेने दिलेले असते, आणि याचे मोठे श्रेय अशा गावोगावच्या शिबिरांकडेच जाते. परंतु पिशवी भरली म्हणजे रक्त मिळाले असे होत नाही. ते दुसऱ्याच्या शिरेत घालण्यास योग्य आहे किंवा नाही याचा निर्णय अद्याप व्हावयाचा असतो. आणि तो निर्णय कसा होतो, कोठे चुकू शकतो, व त्याचा किती भाग प्रयोगशाळेच्या आणि किती भाग खाटेवर आडवे होणाऱ्या मनुष्याच्या हाती आहे, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

कायद्याच्या दृष्टीने रक्त हे औषध आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली रक्तपेढीस परवाना घ्यावा लागतो, आणि शिबिरातून आलेली प्रत्येक पिशवी, तिच्यासोबत भरलेल्या नमुन्याच्या नळ्यांची तपासणी पुरी होईपर्यंत, ‘न तपासलेल्या’ रक्ताच्या स्वतंत्र शीतकपाटात अडकवून ठेवावी लागते. पिशवीवर या अवस्थेत दात्याचे नाव नसते, केवळ एक क्रमांक असतो. आणि पुढील सर्व दप्तर त्या क्रमांकावर चालते. एच.आय.व्ही., हिपॅटायटिस-बी व हिपॅटायटिस-सी हे तीन विषाणू, आणि त्यांच्या जोडीला उपदंश व हिवताप, अशा पाच व्याधींची तपासणी सक्तीची आहे. एच.आय.व्ही.ची सक्ती १९८९ सालची, हिपॅटायटिस-सीची त्यानंतर बारा वर्षांनी, म्हणजे २००१ सालची. पाचही तपासण्यांत रक्त निर्दोष ठरले म्हणजे मगच गटानुसार रंगाची चिठ्ठी पिशवीवर चढते: ‘ओ’ गटास निळी, ‘ए’ गटास पिवळी, ‘बी’ गटास गुलाबी आणि ‘एबी’ गटास पांढरी. ज्या पिशवीत दोष आढळतो तिची नोंद करून तिचा नाश केला जातो. एका पिशवीतील रक्ताचे लाल पेशी, रक्तद्रव आणि बिंबिका असे भाग पाडून ते तीन निरनिराळ्या रुग्णांस देता येतात, ही आधुनिक रक्तपेढीची मोठीच सोय होय. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की, दोषाची एक पिशवी नजरेतून निसटली तर तीन घरांत रोग जातो.

हेच तीन विषाणू का, असा प्रश्न वाचकाच्या मनात सहज येईल. कारण पावसाळा सरला की बागायती गावांत डेंग्यू व चिकुनगुन्या यांचे रुग्ण घरोघर दिसतात, आणि कावीळ तर सर्वांच्या परिचयाचीच आहे. उत्तर असे की, डेंग्यूसारखा विषाणू रक्तात येतो, ताप आणतो व काही दिवसांत निघून जातो. असा मनुष्य बहुधा अंथरुणातच असतो, आणि बरा झाल्यावर सहा महिने रक्त न देण्याचा नियम पाळला म्हणजे धोका बहुतांशी टळतो. उलट पहिले तिघे दीर्घ मुदतीने वस्तीस येतात. हिपॅटायटिस-बीचा बाधित मनुष्य वीस वर्षे नांगर धरील, ऊस तोडील, कुस्ती खेळेल, आणि त्याच्या यकृतात काय चालले आहे याचा त्यास पत्ताही नसेल. विशेषतः जन्मवेळी आईकडून हा विषाणू मिळालेल्या अर्भकांपैकी सुमारे नव्वद टक्के मुले आजन्म त्याची वाहक होतात. प्रौढपणी बाधा झाली तर मात्र शंभरांत जेमतेम पाच जण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात हिपॅटायटिस-बीची दीर्घकालीन बाधा असलेले सुमारे २ कोटी ९८ लक्ष आणि हिपॅटायटिस-सीचे सुमारे ५५ लक्ष लोक आहेत. धडधाकट दिसणारा तरुण बाही सरसावून खाटेवर आडवा होतो तेव्हा त्याच्या तोंडावरून यांतील काहीच वाचता येत नाही.

काविळीच्या बाबतीत तर आपल्या ग्रामीण भागात एक आगळीच अडचण आहे. दूषित पाण्यातून येणारी ए किंवा ई प्रकारची कावीळ आणि रक्तातून येणारी बी किंवा सी प्रकारची कावीळ, यांचे पिवळे डोळे सारखेच; परंतु पहिल्या जातीची कावीळ होऊन गेलेला मनुष्य कालांतराने निःशंकपणे रक्त देऊ शकतो, दुसऱ्या जातीचा देऊ शकत नाही. आता ज्याची कावीळ कोणा जाणकाराने झाडपाल्याचे औषध देऊन अथवा मंत्राने ‘उतरवली’, त्याच्याजवळ कोणत्या काविळीचा दाखला असणार? ‘लहानपणी झाली होती, उतरवली’ एवढेच तो सांगतो. आणि पुष्कळदा तेवढेही सांगत नाही, कारण उतरलेली गोष्ट सांगण्याजोगी राहिली असे त्यास वाटतच नाही. याखेरीज जत्रेत एकाच सुईने एकामागून एक गोंदवून घेणारी पोरे, ताप आला की सुईशिवाय बरे वाटत नाही अशी ठाम समजूत असलेले रुग्ण व ती समजूत जोपासणारे दवाखाने, ही सर्व या विषाणूंच्या प्रवासाची परिचित स्थानके आहेत. त्यांपैकी एकही दात्याच्या चेहऱ्यावर उमटत नाही.

तेव्हा तपासणी. सर्वसामान्य रक्तपेढीत ती ‘एलायझा’ नामक पद्धतीने होते. ही पद्धती १९७१ साली स्टॉकहोम येथे एव्हा एंगव्हाल व पीटर पर्लमान यांनी सिद्ध केली, आणि तिच्यातील युक्ती जितकी साधी तितकीच चतुर आहे. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या तबकात शहाण्णव बारीक खळगे असतात, आणि त्यांच्या तळाशी विषाणूचा एखादा घटक किंवा त्या घटकास पकडणारे प्रथिन आधीच चिकटवून ठेवलेले असते. त्यांत दात्याच्या रक्तातील पिवळसर द्रवाचे काही थेंब घातले म्हणजे त्यात जर विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये असतील, अथवा हिपॅटायटिस-बीच्या बाबतीत विषाणूच्या आवरणाचा अंश असेल, तर तो तळाशी घट्ट बसतो आणि बाकी सर्व धुऊन जाते. नंतर विकर जोडलेले दुसरे प्रथिन त्यावर बसविले जाते, पुन्हा धुतले जाते, व अखेरीस एक रंगहीन द्रव्य घालतात. ज्या खळग्यात काही पकडले गेले असेल तो निळा पडतो, आम्ल घालताच पिवळा होतो, आणि यंत्र त्या पिवळेपणाची घनता मोजून ठरलेल्या मर्यादेपलीकडील खळगे वेगळे काढते. सबंध गावाच्या शिबिराचे भवितव्य अशा दोन-तीन तबकांवर दोन-तीन तासांत ठरते. आणि ज्या तंत्रज्ञास हे काम दररोज करावे लागते त्याच्या नेमकेपणाविषयी आमच्या मनात आदर आहे, कारण नमुन्याच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर यंत्र कितीही उत्तम असले तरी व्यर्थ होय.

येथवरचे सारे निर्धास्त करणारे आहे. आता जे सांगावयाचे ते तसे नाही. विषाणू शरीरात शिरला की तत्क्षणी प्रतिद्रव्ये निर्माण होत नाहीत. विषाणू वाढत असतो, रक्त दुसऱ्यास बाधू शकते, आणि चाचणी मात्र निर्दोष असल्याचे सांगते, असा एक काळ असतो. वैद्यकाच्या व्यवहारात त्यास ‘विंडो पिरियड’ म्हणतात. कोऱ्हाळ्याच्या बागायतदारास तो समजाविण्यास फार प्रयास पडणार नाहीत. वीर धरणातून पाळी सुटली तरी इंदापूर तालुक्यातील शेवटच्या चारीवर पाणी पोहोचण्यास वेळ लागतो, आणि तेथे उभा राहून ‘चारी कोरडी आहे, तेव्हा पाणी सुटलेलेच नाही’ असे कोणी म्हणाला तर त्याने चारी बरोबर पाहिली असूनही त्याचे म्हणणे खोटे ठरते. एच.आय.व्ही.ची प्रतिद्रव्ये शोधणाऱ्या चाचणीस सुमारे तीन आठवडे हे अंधत्व असते. हिपॅटायटिस-बीच्या आवरणाचा अंश साधारणतः पाच आठवड्यांनी दिसू लागतो. आणि हिपॅटायटिस-सीच्या प्रतिद्रव्यांस तर दोन महिन्यांहूनही अधिक काळ लागतो.

हे अंतर कमी करण्याचा उपाय म्हणजे प्रतिद्रव्यांची वाट न पाहता विषाणूचे केंद्रकाम्लच शोधणे. त्यास ‘नॅट’ चाचणी म्हणतात. अत्यल्प केंद्रकाम्लाच्या लक्षावधी प्रती करून ते दृष्टोत्पत्तीस आणणारी ही विद्या एच.आय.व्ही.साठी अंतर दहा-बारा दिवसांवर आणि हिपॅटायटिस-सीसाठी सुमारे आठवड्यावर आणते. भारतातील अनेक केंद्रांवर केलेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे उल्लेखनीय आहे: त्यात तपासलेल्या १२,२२४ नमुन्यांपैकी आठ नमुने असे निघाले की जे नेहमीच्या चाचणीने निर्दोष ठरविले होते आणि नॅटने सदोष. म्हणजे दर पंधराशे-साडेपंधराशे पिशव्यांमागे एक. तरीही ही चाचणी सर्व देशात सक्तीची नाही, कारण ती खर्चिक आहे, तिला स्वतंत्र यंत्रणा लागते, व लहान रक्तपेढीस ती परवडत नाही. काही रक्तपेढ्या ती करतात, काही करीत नाहीत. आणि आपल्या रुग्णास मिळालेली पिशवी कोणत्या वर्गातील आहे हे विचारण्याचे भान पेचप्रसंगी नातेवाइकांस क्वचितच राहते. पण मूळ मुद्दा असा की नॅटनेही अंतर शून्यावर येत नाही. दहा दिवस उरतातच. त्या दहा दिवसांत काय घडले हे जगात एकाच व्यक्तीस ठाऊक असते, आणि ती व्यक्ती म्हणजे दाता.

म्हणूनच रक्ताच्या शुद्धतेचा इतिहास हा जितका यंत्रांचा तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, माणसांच्या निवडीचा इतिहास आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे आल्टर आणि त्यांचे सहकारी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांचा माग घेत होते. त्यांस असे आढळले की पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचे रक्त वापरले जात होते तोवर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांस पुढे यकृतदाह होत असे. १९७० साली संस्थेने विकत घेतलेले रक्त बंद करून केवळ स्वेच्छेने दिलेले रक्त घेण्यास आरंभ केला, त्याच सुमारास बारूख ब्लूमबर्ग यांनी शोधलेल्या ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ची, म्हणजे हिपॅटायटिस-बीच्या आवरणाची, तपासणीही सुरू झाली, आणि हे प्रमाण एक-दशांशाच्या घरात आले. त्या वेळची तपासणी अगदी प्राथमिक होती, आणि हिपॅटायटिस-सी या विषाणूचा तर शोधच लागावयाचा होता. तो १९८९ साली लागला. तेव्हा घट झाली ती प्रामुख्याने रक्त कोणाचे घ्यावयाचे हे बदलल्यामुळे. रिचर्ड टिटमस या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९७० सालीच ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात हाच सिद्धान्त मांडला की, रक्ताचा बाजार मांडला म्हणजे सत्य लपविण्यास किंमत येते. अर्थशास्त्र्यांनी त्यावर पुष्कळ वाद घातला. आमच्या मते त्या वादाचा निकाल पुण्यात लागला.

१९८९ च्या जुलै महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे डॉ. कल्याण बॅनर्जी व त्यांचे सहकारी यांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. विषय होता पुण्यातील व्यावसायिक रक्तद्रवदात्यांमध्ये पसरलेली एच.आय.व्ही.ची साथ. भारतात या विषाणूचा शोध लागून जेमतेम तीन वर्षे झाली होती. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन व डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी पहिले नमुने शोधले होते, आणि रोग काही विशिष्ट वर्गांपुरता आहे अशी सर्वांची समजूत होती. पुण्यातील हे दाते कोण होते? औषधनिर्मितीसाठी लागणारे रक्तद्रव विकून पोट भरणारी ही गरीब माणसे होती. रक्तद्रव देताना मनुष्याचे रक्त बाहेर काढतात, फिरत्या यंत्रात त्यातील पिवळा द्रव वेगळा करतात, आणि उरलेल्या लाल पेशी त्याच्याच शरीरात परत सोडतात. त्यामुळे अशक्तपणा लवकर येत नाही व तोच मनुष्य थोड्या दिवसांनी पुन्हा येऊ शकतो. युक्ती उत्तम, परंतु जेथे सुया व नळ्या नव्या नाहीत, स्वच्छता नावापुरती आहे, आणि एकाच्या पेशी दुसऱ्याच्या पेशींच्या संपर्कात येण्याची मुभा आहे, तेथे एक बाधित दाता पुरेसा असतो. या माणसांनी रोग आणला असे म्हणण्यापेक्षा, त्यांस तो त्यांच्या मजुरीसोबत दिला गेला असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल. पुढे १९९५ साली त्याच संस्थेतील डॉ. विद्या अरंकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील अशाच व्यावसायिक दात्यांत हिपॅटायटिस-सीची प्रतिद्रव्ये शोधली, तेव्हा शंभरांपैकी ऐंशीहून अधिक जणांत ती निघाली. ऐच्छिक दात्यांत हे प्रमाण शंभरांत एखादे, बहुधा त्याहूनही कमी असते. एवढी तफावत वैद्यकाच्या वाङ्मयात क्वचितच पाहावयास मिळते.

या काळात देशातील रक्तपेढ्यांचा कारभार कसा होता याची कल्पना १९९० च्या एका पाहणीवरून येते: १,०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना चालत होत्या. एच. डी. शौरी यांच्या ‘कॉमन कॉज’ या संस्थेने ही कैफियत सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली, आणि ४ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने जो निर्णय दिला त्यावर आजची सबंध व्यवस्था उभी आहे. राष्ट्रीय व राज्य रक्त संक्रमण परिषदा त्या हुकमाने स्थापन झाल्या, विनापरवाना रक्तपेढीस मज्जाव झाला, आणि दोन वर्षांच्या आत रक्ताची विक्री करणाऱ्या व्यावसायिक दात्यांची पद्धत बंद करण्याची तजवीज झाली. १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे या देशात बंद आहे.

बंद आहे खरे. पण शिबिराच्या मांडवातील एका कोपऱ्यात रचून ठेवलेल्या वस्तूंकडे पाहिले म्हणजे मनात शंका येते. कोठे हेल्मेट, कोठे पाण्याचा जार, कोठे प्रवासाची बॅग. संयोजकांचा हेतू वाईट नसतो. शेजारच्या गावाने दीडशे पिशव्या केल्या तर आपण दोनशे कराव्या, एवढीच ईर्ष्या असते. चहा, बिस्किटे, प्रशस्तिपत्र आणि एखादे बोधचिन्ह यांस कोणी हरकत घेणार नाही. परंतु ज्या क्षणी वस्तूचा मोह एवढा वाढतो की ती हुकू नये म्हणून मनुष्य प्रश्नपत्रिकेवर खोटे उत्तर लिहितो, त्या क्षणी त्याचे दान विक्रीच्या सदरात जमा होते, मग मोबदला नोटांत मिळो की हेल्मेटात. पुण्यातील दात्याची गरज पोटाची होती. यांची तर तीही नसते.

या प्रश्नपत्रिकेविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे, कारण सबंध व्यवहारातील सर्वांत उपेक्षित कागद तोच होय. वय अठरा ते पासष्ट, वजन किमान पंचेचाळीस किलो, रक्तातील हिमोग्लोबिन साडेबारा, मागील दानास पुरुषाच्या बाबतीत तीन व स्त्रीच्या बाबतीत चार महिने झालेले, या गोष्टी मोजता येतात व मोजल्या जातात. परंतु कावीळ झाली होती काय, वर्षभरात गोंदवून घेतले काय, असुरक्षित शरीरसंबंध आला काय, हे प्रश्न मोजमापाचे नाहीत. आणि ते कोठे विचारले जातात? एका लांब बाकावर सात-आठ तरुण खांद्याला खांदा लावून बसलेले, एकाच पेनने एकामागून एक अर्ज भरला जात आहे, मंडळाचा चिटणीस शेजारी उभा आहे, आणि कोणी तरी मोठ्याने सांगत आहे की ‘सगळीकडं नाही लिहून टाक’. कोऱ्हाळ्यासारख्या गावात प्रत्येक जण प्रत्येकास ओळखतो, किंबहुना प्रत्येकाच्या चुलत्यासही ओळखतो. ज्याच्या मनात शंका आहे असा तरुण त्या बाकावरून उठून जाईल तर दहा तोंडे विचारतील, ‘का रे, काय झालं?’ त्याला खरे सांगता येत नाही व थांबताही येत नाही, आणि मग तो सर्वांत सोपा मार्ग पत्करतो: निमूटपणे खाटेवर आडवा होतो. शहरातील अनोळखीपणाचे जे एक अवगुणरूपी संरक्षण असते, ते गावास लाभत नाही. एक पडदा, एक स्वतंत्र खुर्ची, आणि दात्याशी दोन मिनिटे हळू आवाजात बोलणारा समुपदेशक, एवढ्याने जो धोका टळेल तो लाखो रुपयांच्या यंत्रानेही टळत नाही.

सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतही या बाबतीत एक उणीव आहे. २०१७ च्या तत्त्वांनी पारलिंगी व्यक्ती, समलैंगिक पुरुष इत्यादी सबंध समूहांस रक्तदानास कायमची मनाई केली, व तिला पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. विषाणू मनुष्याची जात, वर्ग वा ओळख पाहत नाही. तो कृती पाहतो. तेव्हा प्रश्न ‘तू कोण आहेस’ असा न विचारता ‘गेल्या काही महिन्यांत काय घडले’ असा विचारणे अधिक शास्त्रीय, आणि अधिक सभ्यही होय. काही देशांनी तसा बदल केला आहे.

दुसरा एक प्रकार याहून नाजूक आहे. स्वतःस बाधा झाली असेल काय अशी भीती ज्यास वाटते, परंतु सरकारी केंद्रात जाण्याची लाज वाटते, असा मनुष्य ‘रक्त दिले म्हणजे तपासणी आपोआप होते’ असा विचार करून शिबिरात येतो. त्याची भीती बहुधा ताज्या प्रसंगाची असते. म्हणजेच चाचणीस न दिसणाऱ्या नेमक्या काळात तो रक्त देतो. त्यास चाचणी निर्दोष मिळते, तो निश्चिंत होतो, आणि पिशवी पुढे जाते. शिबिराच्या मंचावरून ‘रक्तदानाने तुमची मोफत तपासणी होते’ असा प्रचार करणाऱ्या वक्त्यांनी हा परिणाम ध्यानात घ्यावा.

याउलट सदोष निकाल आला म्हणजे दाता रोगीच, असेही नाही. उदाहरणादाखल समजा की दहा हजार दात्यांत खरोखर बाधित असे दहाच आहेत, आणि चाचणी निरोगी मनुष्यास हजारात पाच वेळा चुकून सदोष ठरविते. तर दहा खऱ्यांसोबत सुमारे पन्नास निरोगी लोकही सदोष ठरतील. साठांपैकी पन्नास जण निष्कारण धास्तावतील. रक्तपेढीने पिशवी टाकून द्यावी हे योग्यच, कारण तेथे संशयाचा फायदा रुग्णास मिळाला पाहिजे; परंतु दात्यास एखाद्या चिठ्ठीने वा फोनवरून ‘तुम्हांस एड्स आहे’ असे सांगणे हा अक्षम्य कसूर होय. त्यास बोलावून, एकांतात समजावून, निश्चितीच्या तपासणीसाठी सरकारी केंद्राकडे धाडणे ही रीत आहे, आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या एच.आय.व्ही.विषयक कायद्याने गुप्ततेस कायद्याचे बळही दिले आहे. गावातील संयोजकास, मग तो सरपंच असो की मंडळाचा अध्यक्ष, कोणाची पिशवी बाद झाली हे विचारण्याचा अधिकार नाही.

निकाल खरोखर सदोष निघाला तरी हल्ली त्यात पूर्वीची निराशा उरलेली नाही. हिपॅटायटिस-सी हा आता सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरांपैकी पंचाण्णव जणांत समूळ बरा होणारा रोग आहे, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ती औषधे विनामूल्य मिळतात. हिपॅटायटिस-बी निखालस जात नसला तरी आटोक्यात ठेवता येतो; त्याची लस २०११ पासून देशभर बालकांच्या नित्य लसीकरणात आहे, म्हणजे आज शाळेत असलेली कोऱ्हाळ्याची मुले अठरा वर्षांची होऊन खाटेवर येतील तेव्हा हा विषाणू त्यांच्यात पुष्कळच विरळ झालेला असेल. एच.आय.व्ही.चा रुग्णही औषधोपचारावर दीर्घ आयुष्य जगतो.

राहता राहिला संयोजकांचा प्रश्न. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, बिंबिका तर पाचच दिवस. तेव्हा एका वाढदिवशी पाचशे पिशव्या जमवून मे महिन्यात रक्तपेढी रिकामी ठेवण्यापेक्षा, तीच माणसे दर तीन महिन्यांनी पन्नास-पन्नासच्या तुकड्यांनी आली तर रुग्णाची सोय अधिक होईल. शिवाय वारंवार देणाऱ्याचे रक्त वारंवार तपासले जाते, व म्हणून ते एकदाच येणाऱ्याच्या रक्ताहून सहसा अधिक भरवशाचे असते. वर्तमानपत्रात छापावयाचा आकडा असेलच, तर दुसऱ्यांदा आणि दहाव्यांदा आलेल्या दात्यांचा छापावा. भेटवस्तूंचा खर्च वाचवून त्यात एक पडदा व दोन खुर्च्या आणाव्यात, आणि शिबिरानंतर मन बदललेल्या दात्यास ‘माझी पिशवी वापरू नका’ असे केवळ क्रमांक सांगून कळविता येईल असा रक्तपेढीचा दूरध्वनी प्रत्येक दात्याच्या हाती द्यावा. आणि ज्यास स्वतःच्या रक्ताविषयी शंका आहे त्याने शिबिराची वाट धरू नये: सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात एच.आय.व्ही.ची तपासणी विनामूल्य व गुप्तपणे होते, आणि कोठे जावे हे ठाऊक नसल्यास १०९७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर, दमडीही न मोजता, विचारता येते.